रिकाम्या जागेचा नियम

पडदा वर जातो तेव्हा मंचावर कुणी नाही. एका इस्पितळाचं तळघर. छताखालून गरम पाण्याचे जाडजूड नळ गेलेत, शेजारच्या धुलाईखान्यातून चादरींचा उबट वास येतोय. खिडकी एकच, तीही पार वर, छताला टेकलेली. तिच्यातून बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसतात, आणि नोव्हेंबर उलटला की तेही नाही, नुसता बर्फ. तीन टेबलं, तीन टाइपरायटर, प्रत्येक टेबलाखाली पायानं दाबायचं एक पेडल. मग दार ढकलून एक उंच, सडसडीत बाई आत येते. बर्फाचे बूट दाराशी काढते, लोकरी सपाता चढवते, कॉफीचं भांडं लावते, कानांवर हेडफोन ठेवते आणि पाय पेडलवर टेकवते. आर्डिस क्वामी कामाला लागली.

टॉर्विक गावात आर्डिसला सगळे ओळखत. चर्चच्या गायनात मागच्या रांगेत उभी राहणारी, ख्रिसमसला लेफ्साच्या पातळ पोळ्या लाटून घरोघर देणारी, लग्न न केलेली आर्डिस. पण ती दिवसभर करते काय, हे फार थोड्यांना ठाऊक होतं. वरच्या मजल्यांवर डॉक्टर रोगी तपासायचे आणि मग हातातल्या छोट्या यंत्रात बोलायचे: कोण आलं, काय दुखत होतं, काय कापलं, काय दिलं. ती कॅसेट तळघरात यायची आणि आर्डिस ती ऐकून टाइप करायची. पेडल दाबलं की आवाज पुढे जायचा, टाच टेकली की मागे. नाटकात विंगेत उभा राहून नटाला वाक्यं पुरवणारा एक जण असतो. प्रेक्षकांना तो कधी दिसत नाही, पण त्याचं लक्ष एक क्षण ढळलं तर राजा सिंहासनावर मुका बसून राहतो. आर्डिसची जागा त्या विंगेतली.

तिच्या डावीकडे मार्लिस ऑपसाल बसायची. गोलमटोल, मोठ्या आवाजाची. नवरा लायल आणि त्याची दुखरी पाठ हे तिचे दोन कायमचे विषय. उजवीकडे ट्वायला, तिघींत धाकटी. ती बोलायची कमी आणि हसायची जास्त. तिघी मिळून इस्पितळातला प्रत्येक आवाज ओळखत. एक शल्यविशारद सफरचंद खात खात बोलायचा. मार्लिस म्हणायची, यानं केलेल्या ऑपरेशनमध्ये रोग्याच्या पोटात काय काय सापडलं हे ऐकताना मला पहिल्यांदा सफरचंदच सापडतं.

आणि मग ती नियमपुस्तकं. आर्डिसच्या टेबलावर ती तीन होती. निळं पुस्तक अशा टायपिस्टांच्या देशभरच्या संघटनेचं, जाड, गंभीर. लाल फाइल इस्पितळाची. तिसरी नुसतीच टाचलेली पानं, शस्त्रक्रिया विभागानं केव्हातरी पाठवलेली, वर ना नाव ना तारीख. मार्लिस त्यांना अनाथ पानं म्हणायची. तिघांचं एकमेकांशी पटेना. निळं पुस्तक सांगे, आकडे सगळे अंकात लिहा. लाल फाइल म्हणे, दहापर्यंत अक्षरात. अनाथ पानांना काही ठिकाणी रोमन आकडे हवे असत, आणि कुठल्या ठिकाणी, हे त्यांना स्वतःलाच ठरवता आलेलं नव्हतं. एकात रोगाचं संक्षिप्त नाव उलगडून लिहायचं, दुसऱ्यात डॉक्टर बोलला तसंच ठेवायचं. कहर म्हणजे लाल फाइल स्वतःशीच भांडायची. पुढच्या पानांत एक नियम होता: डॉक्टरांचा शब्द बदलू नये. मागच्या पानांत दुसरा: डॉक्टरांची चूक तशीच ठेवू नये.

यावर तळघरानं आपला तोडगा काढला होता. गुरुवारी कॉफीच्या वेळी कोर्ट भरायचं. आठवड्याचा एखादा तंटा निघायचा. मार्लिस निळ्या पुस्तकाची वकील, ट्वायला लाल फाइलची, आर्डिस न्यायाधीश. मार्लिस खुर्चीवरून उठून, गळ्यातला हेडफोन सावरत असं भाषण करायची की धुलाईखान्यातल्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या. निकाल लागला की हरलेल्या पक्षानं पुढच्या गुरुवारी लेमन बार, म्हणजे लिंबाच्या वड्या, करून आणायचे. ट्वायला बहुतेक हरायची आणि तिचे बार सगळ्यांत चांगले असायचे. न्यायाधीश लाच खातात असा मार्लिसचा जाहीर आरोप होता. आर्डिस तोंड पुसत म्हणायची, पुरावा उरलेला नाही.

एका नियमावर मात्र तिन्ही पुस्तकं एकमतानं उभी होती. रोग्याविषयी नसलेलं काहीही टाइप करायचं नाही. डॉक्टर शिंकला, कुणाला हाक मारली, फोन उचलला, ते सगळं गाळायचं. आणि नेमका हाच नियम आर्डिसला अवघड जायचा, कारण डॉक्टर ऑस्टबी.

ऑस्टबी गावाचे जुने डॉक्टर. निम्म्या टॉर्विकला जगात आणणारे. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही, उरलेला वेळ तळ्यावर गळ टाकून बसण्यात जायचा. त्यांच्या कॅसेटच्या शेवटी, अहवाल संपल्यावर, एक शेपूट असायचं. "आभारी आहे, आर्डिस. तळ्यावर बर्फ धरला." नाहीतर, "आर्डिस, आज तळ्यावर लून पक्ष्याची पहिली हाक ऐकली." पक्षी, मासे, वारा. एक वाक्य, कधी दीड. आर्डिस पेडलवरचा पाय न उचलता ते ऐकायची आणि नियमाप्रमाणे टाइप करायची नाही. वर जिन्यात दोघं समोरासमोर आले तर डॉक्टर टोपीला हात लावायचे, ती मान हलवायची, बस्स. जे काही होतं ते कॅसेटच्या शेपटात होतं आणि पुढच्या रेकॉर्डिंगखाली पुसून जात होतं. अशी वर्षं गेली. तिच्या कानांनी त्या आवाजाला म्हातारं होताना ऐकलं.

आधी शब्दांच्या कडा बोथट झाल्या. मग वाक्यांच्या मध्ये खड्डे पडायला लागले. एका हिवाळ्यात डॉक्टर काही दिवस घरी होते, थंडी बाधली असं सांगितलं गेलं, आणि परत आले तेव्हा जीभ तोंडात जड झाली होती. समोर बसलेल्या रोग्याला ते कळायचं. रोगी त्यांचे ओठ बघायचे, हात बघायचे, शिवाय जन्मभराची ओळख. कॅसेटला ओठ नसतात.

न ऐकू आलेल्या शब्दासाठी या कामात रीत ठरलेली आहे. तिथे रिकामी जागा सोडायची, खाली रेघ ओढायची आणि गुलाबी चिठ्ठी टाचून कागद डॉक्टरकडे परत पाठवायचा. ऑस्टबींच्या पहिल्या बोथट कॅसेटवर ट्वायलानं तशी चिठ्ठी लिहायला घेतली तेव्हा मार्लिसनं ती तिच्या हातातून काढून घेतली. म्हणाली, अगं, चिठ्ठ्यांचा गठ्ठा वर गेला की ते लोक म्हाताऱ्याला घरी बसवतील. छातीत कफ असला की ऑस्टबी काय देतात हे मला झोपेत विचार. भर ती जागा.

ट्वायलानं आर्डिसकडे पाहिलं. आर्डिस काही बोलली नाही, आणि त्या न बोलण्याला दोघींनी निकाल मानलं.

तेव्हापासून त्या भरत गेल्या. एखाद्या थोर नटाला उतारवयात वाक्यं आठवेनाशी होतात. मग सगळी मंडळी त्याला झेलत राहतात, त्याची वाक्यं हळूच आपल्या वाक्यांत घालून पुढे सरकतात. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि नटाला वाटतं, अजून जमतंय. तसं चाललं होतं तळघरात. माया होती, त्यात वाद नाही. या बायांखेरीज दुसऱ्या कुणाला ते जमलं नसतं, आणि दुसऱ्या कुणी ते केलंही नसतं. डॉक्टर आलेला कागद वाचायचे, खाली सही करायचे. त्यांना वाटायचं, आपण हेच बोललो.

मग एका शरद ऋतूत नोंदविभागाचे प्रमुख प्रूइट स्वतः जिना उतरून खाली आले. ते खाली येत ते दिवे बदलायचे असले की, नाहीतर काही वाईट सांगायचं असलं की. दिवे चालू होते. त्यांनी टेबलावर चौथं पुस्तक ठेवलं, गुळगुळीत, करड्या रंगाचं. बाहेरची एक कंपनी हेच काम शहरात बसून करून द्यायला तयार होती. महिनाभर तळघराचे अहवाल कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे तपासले जाणार. गुण चांगले पडले तर खोली राहील. नाही तर कॅसेट पोस्टानं जातील.

मार्लिसनं करडं पुस्तक उघडलं आणि तिथल्या तिथे वाचायला लागली. एका पानावर होतं, ऐकू न आलेला शब्द कधीही अंदाजानं भरू नये. थोडं पुढे गुणांचा तक्ता होता, आणि त्यात प्रत्येक रिकाम्या जागेला गुण कापलेले होते.

"हा नियम माझ्या लायलनं लिहिलाय," मार्लिस म्हणाली. "रस्ता चुकायचा नाही, आणि कुणाला विचारायचाही नाही."

प्रूइटनाही हसू आलं. ते म्हणाले की पुस्तक त्यांनी केलेलं नाही, आणि घाईनं जिना चढून गेले. थोड्या वेळानं बाहेरून जाताना त्यांचे बूट खिडकीतून दिसले. बाहेर पहिला बर्फ भुरभुरत होता.

ही खोली म्हणजे आर्डिसचं घर होतं. भाड्याच्या दोन खोल्यांत ती फक्त झोपायला जायची. मार्लिसचा तर सारा संसार या पगारावर. लायलनं पाठ धरून कारखाना सोडला होता. रिकामी जागा सोडायची नाही, एकही नाही, असं तिघींचं ठरलं. गुरुवारचं कोर्ट बंद झालं. लेमन बार आले, पण खाताना कुणी भाषण केलं नाही.

महिना सरत आला होता. गुण ठीक पडत होते. आणि एका सकाळी आर्डिसच्या कानांत ऑस्टबींचा आवाज आला: श्रीमती हेगस्टाड, वय झालेलं, हृदय दमलेलं, आता बरी, आज दुसऱ्या गावच्या वृद्धाश्रमात पाठवतोय. पुढे औषधं. हृदयाच्या गोळीचं नाव ओळखू आलं. प्रमाण नाही. जिथे आकडा हवा तिथे नुसता एक ओला, गोल आवाज.

आर्डिसनं टाच टेकली. परत ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं, कमी करून ऐकलं. मार्लिसनं एक कान मोकळा करून तिच्या कागदावरचं गोळीचं नाव वाचलं आणि न विचारताच प्रमाण सांगितलं. ऑस्टबी त्या गोळीचं एकच प्रमाण देत, सगळ्या गावाला, कायम. आर्डिसलाही ते पाठ होतं. बोटं टाइपरायटरच्या कळांवर होती.

तिचं मन कशानं अडलं, हे तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. त्या आवाजाची लांबी नेहमीच्या आकड्याएवढी नव्हती, असं ती एकदा म्हणाली. मग लगेच म्हणाली की तसंही नसेल, मला फक्त माहीत नव्हतं, एवढंच. दुसऱ्या गावातल्या नर्स हा कागद वाचून गोळी देणार होत्या. ऑस्टबींचे ओठ त्यांनी कधी पाहिलेले नव्हते.

तिनं रिकामी जागा सोडली. खाली रेघ ओढली.

मार्लिस तिच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली होती. "आर्डिस, ती जागा भर."

"मला ऐकू आलं नाही."

"तुला ठाऊक आहे ते."

"ठाऊक असणं निराळं, मार्लिस. ऐकू नाही आलं."

"म्हाताऱ्यासाठी भर. नाहीतर माझ्यासाठी भर, बाई."

आर्डिसनं कागद काढला, गुलाबी चिठ्ठी टाचली, आणि इतक्या वर्षांत कधी न केलेली गोष्ट केली. चिठ्ठी पेटीत न टाकता, लोकरी सपाता पायात तशाच ठेवून, ती स्वतः जिना चढून गेली.

ऑस्टबींच्या खोलीत खिडकी मोठी होती. आर्डिसचे डोळे उजेडानं दिपले. डॉक्टर उठून उभे राहिले. तिनं कागद पुढे केला आणि ज्या ठिकाणी रेघ होती तिथे बोट ठेवलं. डॉक्टरांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिले. मग त्यांनी श्रीमती हेगस्टाडची फाइल ओढून घेतली, स्वतःच्या हातानं लिहिलेलं पान उघडलं आणि बोटानं ओळ शोधली. बाईच्या मूत्रपिंडांनी साथ सोडायला सुरुवात केली होती. म्हणून या खेपेला त्यांनी गोळी निम्मी केली होती. तसं पानावर लिहिलेलं होतं. आपण ते बोललो कसं, हे मात्र त्यांना आठवेना.

त्यांनी पेननं रिकाम्या जागेत आकडा भरला. मग पेन खाली ठेवलं. आता आर्डिसला त्यांचे ओठ दिसत होते, त्यामुळे शब्द न शब्द कळत होता.

"ही पहिलीच जागा आहे का, आर्डिस?"

"नाही, डॉक्टर."

"आधीच्या कुणी भरल्या?"

"आम्ही. आम्हाला वाटायचं, तुम्ही नेहमी जे देता तेच असणार."

"आणि असायचं तेच?"

"आजपर्यंत."

डॉक्टर खिडकीशी गेले. खाली तळं दिसत होतं, काठाकाठानं नुकतंच गोठायला लागलेलं. रागावतील असं आर्डिसला वाटत होतं. एखादा नट अपमान गिळून हसतो तसं हसतील अशीही भीती होती. त्यातलं काही झालं नाही. ते परत आले आणि म्हणाले, "यापुढे सगळ्या जागा सोडा. एकही भरू नका. ते कागद मीच वरच्या साहेबांकडे घेऊन जाईन."

तिला म्हणायचं होतं की त्यानं खोली जाईल, मार्लिसचा पगार जाईल, आणि तुम्हीही जाल. हे सगळं त्यांनाही दिसत असणार, हे तिला दिसत होतं. ती मान हलवून खाली आली.

उरलेले दिवस ऑस्टबींचे अहवाल चाळणीसारखे वर गेले. डॉक्टरांनी शब्द पाळला, वसंतात तळ्याचा बर्फ फुटायच्या आत दवाखाना सोडला. गुण कापले जायचे तितके कापले गेले. प्रूइट पुन्हा जिना उतरले, तेव्हाही दिवे चालूच होते. टेबलं गेली, टाइपरायटर गेले. मार्लिसनं पुढे त्या करड्या पुस्तकाच्या कंपनीचंच काम घरी बसून धरलं. आर्डिसलाही बोलावणं आलं होतं, ती गेली नाही. चर्चच्या शाळेत कागदपत्रं सांभाळू लागली.

मार्लिस तिच्याशी बोलेनाशी झाली. चर्चमध्ये दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसायला लागली. तो उन्हाळा तसाच गेला, आणि एक दिवस ती दारात उभी, हातात भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या हॉटडिशचं गरम भांडं. म्हणाली, लायल म्हणतो तू बरोबर होतीस, आणि लायल कधी बरोबर नसतो, म्हणून मी इतके दिवस थांबले. मग दोघी जेवल्या. श्रीमती हेगस्टाड त्या वृद्धाश्रमात अजून रोज पत्ते खेळतेय, हे मार्लिसनं कुठूनतरी शोधून काढलं होतं, आणि ते ती दोनदा सांगून गेली.

हिवाळ्यात तळं पक्कं गोठलं की माणसं बर्फावर लाकडी खोपटी नेऊन ठेवतात आणि भोकातून गळ सोडून बसतात. त्या हिवाळ्यापासून ऑस्टबींच्या खोपटात दोन खुर्च्या दिसायला लागल्या. त्यांचं बोलणं आता फार बिघडलं होतं. पोस्टात, दुकानात लोक मान डोलवायचे आणि मग आर्डिसकडे बघायचे. त्यांचं सगळं कळणारी गावात ती एकटीच राहिली. ती त्यांचं वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणायची, जसंच्या तसं, आपल्या पदरचं काही न घालता. नाही कळलं तर सरळ विचारायची, आणि डॉक्टर तिच्यासाठी परत सांगायचे. खोपटात ती दोघं काय बोलत, ते माशांना ठाऊक. काही हिवाळे असे गेले. मग एका वर्षी खोपट तळ्यावर आलं नाही.

आर्डिस खूप जगली. शेवटी त्याच इस्पितळात, दुसऱ्या मजल्यावर, तळं दिसेल अशी खाट तिला मिळाली. खाली तळघरात आता जुनी अवजारं ठेवतात. डॉक्टर यंत्राशी बोलतात आणि यंत्रच टाइप करतं. त्याला काही अडत नाही, ते सगळ्या जागा भरून टाकतं. मार्लिस रोज दुपारी काठी टेकत यायची. अंगानं आता सुकली होती, आवाज मात्र तोच. ट्वायला दूरच्या गावाहून लेमन बार पाठवायची. आर्डिसला खाता येत नसे, म्हणून न्यायाधीशाचा वाटा मार्लिस खायची आणि तसं तिला सांगायची.

चर्चच्या पत्रिकेत आर्डिसवर चार ओळी छापायच्या होत्या. लिहायचं काम मार्लिसनं मागून घेतलं. खाटेशी बसून ती विचारत होती आणि आर्डिस हळूहळू सांगत होती: जन्म, शाळा, तळघर, गायनातली मागची रांग. चादरीखाली तिचा उजवा पाय मधूनच दाबला जात होता, टाच मागे टेकत होती. मार्लिसनं ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. मग तिनं घसा साफ केला. इतक्या वर्षांत जे कुणी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं. डॉक्टर ऑस्टबी तुझे कोण होते म्हणून लिहू? मित्र लिहू, की आणखी काही?

आर्डिसनं खिडकीकडे पाहिलं. तळ्यावर नवा बर्फ धरत होता. मग तिनं उत्तर दिलं, आणि त्या दुपारनंतर ती पुन्हा बोलली नाही. म्हणून मार्लिस ते अजून शब्दशः सांगते, आपल्या पदरचं काही न घालता.

"तिथे रिकामी जागा सोड, मार्लिस. चिठ्ठी लावू नकोस."